विजेचा साहेब दिवसभर करतो तरी काय?

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण बी-बियाणे, खते, फवारणी यांविषयी नेहमी बोलतो. आज विषय जरा बाजूचा आहे. पण तुमच्या पिकाशी त्याचा संबंध खतापेक्षा कमी नाही. गावोगावी बैठकीत मी सांगतो की कांद्याला पाण्याची पाळी चुकवू नका, गहू ओंबीवर असताना पाणी तोडू नका. सगळे माना हलवतात आणि मागून कोणीतरी हमखास विचारतो, "साहेब, ते खरं, पण लाईटचं काय?" या प्रश्नाला कृषी खात्याकडे उत्तर नाही. ते ज्याच्याकडे थोडेफार आहे तो माणूस म्हणजे वीज कंपनीच्या शाखा कार्यालयातला अभियंता.

हा माणूस तुम्हाला बहुधा तीन वेळा भेटतो. नवे कनेक्शन मागताना, थकबाकीसाठी लाईन तोडायला येतो तेव्हा आणि डीपी जळाली म्हणून गाव मोर्चा घेऊन जाते तेव्हा. तिन्ही वेळा डोकी तापलेली असतात. एरवी तो काय करतो हे कोणी विचारत नाही. मी कृषी पदविकेचा माणूस. आमच्या अभ्यासक्रमात पंप होता, डीपी नव्हती. पण कामानिमित्त शाखा अभियंत्यांबरोबर बांधावर उभे राहण्याची वेळ वारंवार येते. तिथे जे पाहिले आणि विचारून घेतले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

तार येते कुठून

आधी थोडे मोठे चित्र. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. जुनी मंडळी अजून "एमएसईबी" म्हणतात ती हीच. २००३ च्या वीज कायद्यानंतर ६ जून २००५ पासून मंडळाचे तुकडे झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या मनोऱ्यांवरून ती वाहून नेणारी महापारेषण आणि आपल्या मोटारीपर्यंत पोचवणारी महावितरण. चंद्रपूरला कोळशावर किंवा कोयनेला पाण्यावर तयार झालेली वीज ४०० आणि २२० किलोव्होल्टने निघते. टप्प्याटप्प्याने उतरत तुमच्या गावाजवळच्या उपकेंद्रात ती ३३ किलोव्होल्टने येते, तिथून ११ किलोव्होल्टच्या फीडरवर जाते आणि डीपीवर ४३३ व्होल्ट होऊन तुमच्या स्टार्टरला लागते.

वेळापत्रक, म्हणजे कोणत्या आठवड्यात दिवसा तीन फेज आणि कोणत्या आठवड्यात रात्री, हे शाखा अभियंता ठरवत नाही. ते वरून येते. राज्यात किती वीज आहे आणि किती मागणी आहे याचा मेळ राज्य भार प्रेषण केंद्रात क्षणाक्षणाला घातला जातो, कारण वीज साठवून ठेवायची कणगी नाही. बॅटऱ्या आता येऊ लागल्या आहेत, पण राज्याच्या मानाने ते पसाभर धान्य. मागणी पुरवठ्याच्या फार वर गेली की ५० हर्ट्झची वारंवारिता ढासळते आणि सगळी यंत्रणा एकापाठोपाठ एक बंद पडू शकते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात असेच झाले होते. तेव्हा रात्री दारे धरायला लागतात याचा राग शाखेवर काढून उपयोग नाही. तो राग रास्त आहे, पत्ता चुकीचा आहे.

सकाळी सात वाजता

त्याचा दिवस फोनने सुरू होतो. उपकेंद्रातला ऑपरेटर रात्रभर दर तासाला प्रत्येक फीडरचा भार वहीत लिहितो. कोणता फीडर किती वाजता ट्रिप झाला, पुन्हा चालू केला तर टिकला का, हे सकाळी आधी समजून घ्यायचे. टिकला नाही म्हणजे लाईनवर कुठेतरी दोष आहे. आता हा फीडर असतो वीस-तीस किलोमीटर लांब, फाटे वेगळे. तो ओढ्यातून जातो, उसातून जातो, माळावरून जातो. दोष शोधायचा कसा?

तर निम्मा करून. फीडरच्या मधोमध एबी स्विच असतो, आपण त्याला झुला म्हणतो. तो उघडायचा आणि अलीकडचा भाग चालू करून पाहायचा. टिकला तर दोष पलीकडे. मग पलीकडच्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. असे करत करत शेवटी पाच-दहा खांब उरतात, तिथे वायरमन पायी फिरतो. कधी तारेवर फांदी असते, कधी मेलेला कावळा, कधी तुटलेला जंपर. सर्वांत वाईट म्हणजे तडा गेलेला चिनी मातीचा पिन इन्सुलेटर. खालून तो धडधाकट दिसतो. दुपारी कोरडा असला की लाईन चालते. पहाटे दव पडले की तड्यात ओल जाते, करंट खांबातून जमिनीत उतरतो आणि फीडर पडतो. "रोज पहाटेच लाईट का जाते?" असे तुम्ही चिडून विचारता, त्यामागे बऱ्याचदा हे इतकेसे भांडे असते. अशी वेळ ठरलेली तक्रार असेल तर ती वेळेसह सांगा. अभियंत्याला त्यावरून निम्मा शोध लागतो.

काम करण्याआधी लाईन बंद करण्याची रीत असते, तिला परमिट म्हणतात. वायरमन उपकेंद्राकडून परवानगी घेतो, ऑपरेटर ब्रेकर बंद करून नोंद करतो, मग जागेवर तारांना डिस्चार्ज रॉड लावून त्या जमिनीशी जोडतात आणि त्यानंतरच माणूस खांबावर चढतो. काम संपून सगळे खाली उतरल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे, दुसऱ्याने नाही. तुम्हाला वाटते दहा मिनिटांचे काम, तासभर लाईट का बंद? तो तास त्या रीतीत जातो आणि तो गेलाच पाहिजे.

दुपारनंतर कागद. नव्या जोडणीची अंदाजपत्रके, मीटरच्या तक्रारी, वसुलीचे आकडे, वरच्या कार्यालयाच्या बैठका. मध्येच आमदारांचा फोन, सरपंचांचा फोन. उन्हाळी वादळ झाले की हे सगळे बाजूला आणि खांब मोजत रात्र. दोन-चार अभियंते सोडले तर बाकीचे कुटुंब तालुक्याच्या गावी ठेवून जाऊन-येऊन करतात असा लोकांचा आरोप असतो. काही ठिकाणी तो खराही आहे. शाखेचा माणूस रात्री जवळपास असावा हे माझे मत मी त्यांच्या तोंडावरही सांगितलेले आहे.

डीपीचे गणित

आता मुख्य मुद्दा. डीपी का जळते? "माल हलका आला" हे उत्तर पारावर तयार असते. कधी ते बरोबरही असेल. पण बहुतेक वेळा गणित वेगळे असते, आणि ते तुम्हाला कागदावर मांडता येईल.

१०० केव्हीएची डीपी पूर्ण भाराला प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर देऊ शकते. ६३ केव्हीएची सुमारे ८४. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, हिशेब एचपीला दीड अँपिअर. म्हणजे १०० केव्हीएवर पाच एचपीच्या १७ मोटारी बसतात, ६३ वर ११. कागदोपत्री तेवढ्याच असतात. प्रत्यक्षात पाणी खोल गेले म्हणून पाचच्या जागी साडेसात एचपी बसवलेली असते आणि ती सुमारे ११ अँपिअर ओढते. सतराही जणांनी तसे केले तर भार १८७ अँपिअर. तुम्ही म्हणाल, दीडपटही नाही, एवढे काय? पण तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. प्रवाह १.४ पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता जवळजवळ दुप्पट. तेल आधीच गळून कमी झालेले, त्यात मार्च महिन्याचे ऊन. मग एक दिवस धूर निघतो.

दुसरा शत्रू ऑटो स्विच. मोटार सुरू होताना पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट आल्याबरोबर सतरा मोटारी एकदम सुटल्या तर डीपीवर क्षणभर साडेसातशे अँपिअरचा दणका बसतो. व्होल्टेज कोसळते, मोटारी उचलत नाहीत, नुसत्या गुरगुरत राहतात, फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळतो. फ्यूज हा डीपीच्या आधी जळण्यासाठीच असतो. तो जाड केला की जळायची पाळी डीपीची.

आणि कॅपॅसिटर. मोटारीला फिरण्यासाठी जी वीज लागते तिच्याशिवाय चुंबकत्वासाठी आणखी एक प्रवाह लागतो. तो काही काम करीत नाही, नुसता तारेतून ये-जा करतो. कॅपॅसिटर तो प्रवाह मोटारीजवळच पुरवतो, त्यामुळे तारेवरचा आणि डीपीवरचा भार उतरतो. पाच एचपीला २ केव्हीएआरचा, साडेसात एचपीला ३ केव्हीएआरचा कॅपॅसिटर चालतो. पाच एचपीच्या मोटारीचे साडेसात-आठ अँपिअर साडेसहाच्या आसपास येतात. सतरा मोटारींचे मिळून वीसेक अँपिअर वाचतात, म्हणजे जवळजवळ अडीच-तीन मोटारींची जागा. मात्र हा फायदा सगळ्यांनी लावला तरच दिसतो. एकट्याने लावला तर त्याच्या शेजाऱ्यांचेच भले. म्हणूनच स्टार्टरच्या पेटीतून कॅपॅसिटर काढून टाकलेले जागोजागी दिसतात.

आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर एकाच हंगामात डीपी दुसऱ्यांदा जळाली तेव्हाची गोष्ट सांगतो. हरभरा घाट्यावर, कांदा पोसायला आलेला. नवी डीपी चढवल्यावर अभियंत्याने कोणालाही मोटार सुरू करू दिली नाही. सगळ्यांना खाली उभे केले, टाँग टेस्टर तारेला लावला आणि एकेक मोटार चालू करायला लावून आकडा मोठ्याने वाचला. पाच एचपी लिहून दिलेल्यांपैकी तिघांचा आकडा साडेसात एचपीचा निघाला. त्यात एक जण सोसायटीचा माजी चेअरमन. वस्तीत भाऊबंदकी आधीच होती, आवाज चढले. अभियंता वयाने तिशीच्या आतला. तो म्हणाला, "दादा, मी दंड करायला आलो नाही. तुमचा भार वाढवून मंजूर करून घ्या, डीपी वाढवायचा प्रस्ताव मला त्याशिवाय करताच येत नाही. कागदावर ८५ एचपी दिसतात, वरचे साहेब विचारतात, शंभरची डीपी पुरत नाही कशी?"

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले, म्हणून मुद्दाम लिहितो. चोरून वाढवलेली एचपी तुमचीच मोठी डीपी अडवते. त्या दिवशी वस्तीने दोन पाळ्या ठरवल्या. निम्म्या मोटारी लाईट आल्यावर, निम्म्या चार तासांनी. दोघांनी भारवाढीचे अर्ज दिले. चेअरमन साहेबांचा ऑटो स्विच अजून आहे तिथेच आहे. पण त्या हंगामात डीपी टिकली आणि कांदा निघाला.

जळालेली डीपी बदलायला वेळ का लागतो हेही समजून घ्या. शाखेत सुटी डीपी पडून नसते. जळाल्याचा अहवाल वर जातो, दुरुस्त झालेली डीपी भांडारातून मिळायची असते, वाहन लागते, चढवताना फीडरचे परमिट लागते. रब्बीच्या ऐन भरात एकाच आठवड्यात पाच-सात डीप्या जळाल्या की रांग लागते. वीज नियामक आयोगाने यासाठी तासांची मुदत ठरवून दिली आहे आणि ती मोडल्यास भरपाईची तरतूदही आहे. पण मुदत मोजली जाते ती तक्रार नोंदल्यापासून, पारावर बोलल्यापासून नाही.

खांबावर चढू नका

बंधूंनो, आता जरा कडक बोलतो. प्रत्येक गावात एक "हुशार" पोरगा असतो. वायरमन आला नाही की तोच झुला ओढतो, डीओ टाकतो, फ्यूज बांधतो. गाव त्याचे कौतुक करते. दरवर्षी अशी पोरे जातात. झुल्याचे एक पाते नीट उघडले गेले नाही तर खालून तिन्ही उघडी दिसतात आणि एका तारेत ११ हजार व्होल्ट तसेच राहतात. ११ हजारांना हात लागायची गरज नसते, जवळ गेला तरी ओढतो.

अभियंत्यांना विचारा, सर्वांत जास्त भीती कशाची? ते सांगतील, उलट्या विजेची. लाईन बंद, परमिट घेतलेले, वायरमन वर. आणि कोणीतरी लग्नाच्या मांडवात किंवा दूध डेअरीत जनरेटर सुरू केला. मेन स्विच पाडलेला नसेल तर ती वीज डीपीतून उलटी चढते. ४३३ चे पुन्हा ११ हजार होतात. म्हणून ते रॉड, म्हणून तो तास. जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच बसवा, त्याची किंमत एका जिवापेक्षा जास्त नाही. रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडणारेही आहेत. तो गुन्हा आहे, आणि पहाटे पाण्याला निघालेला माणूस त्याला आधी सापडतो.

अपघात झाला, माणूस किंवा जनावर गेले, तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे तो कळवावा लागतो. त्याची चौकशी विद्युत निरीक्षक करतो. तो सरकारचा माणूस, वीज कंपनीचा नाही. तारांच्या ठिणगीने ऊस पेटला तरी त्याच दिवशी तलाठ्याचा पंचनामा आणि निरीक्षकाकडे अर्ज, दोन्ही करा. तोडलेल्या तारा, वितळलेले तुकडे हलवू नका. ग्रामसेवक व पोलीस पाटलांनी हे लक्षात ठेवावे, कारण नंतर कागद नसला की भरपाईचा दावा उभाच राहत नाही.

पोरांना या वाटेला पाठवायचे तर

दहावी झालेल्या मुलांचे पालक मला विचारतात, इलेक्ट्रिकल घ्यावे का? माझे सांगणे असे. दहावीनंतर तीन वर्षांची पॉलिटेक्निकची पदविका, किंवा बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी. पदविका चांगली झाली तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयला वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन केलेला मुलगा विद्युत सहाय्यकाच्या भरतीत बसतो. कंपनीत कनिष्ठ किंवा सहाय्यक अभियंत्यापासून सुरुवात, मग उपविभागाला उपकार्यकारी, विभागाला कार्यकारी, मंडळाला अधीक्षक आणि परिमंडळाला मुख्य अभियंता अशी पायरी आहे. वर जाईल तसा खांबापासून माणूस दूर जातो आणि कागदाजवळ येतो. पुष्कळांना त्याची खंत वाटते.

भरती रोज निघत नाही हे आधीच सांगतो. पण सरकारी नोकरी हीच एक वाट नाही. साखर कारखान्यांत बगॅसवर वीज तयार होते, तिथे अभियंता लागतो. वीज ठेकेदाराचा परवाना घेता येतो. सौर प्रकल्पांची देखभाल हे नवे काम आहे. मुली आता उपकेंद्रात आणि शाखेतही दिसतात, आणि गावकरी त्यांच्याशी जरा सांभाळून बोलतात हा माझा अनुभव. गणित आणि पदार्थविज्ञान कच्चे असेल तर मात्र नुसत्या नोकरीच्या आशेने ढकलू नका.

सौरऊर्जेने या अभियंत्याचे काम बदलते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ साली. उपकेंद्राजवळ पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची, अशी ही कल्पना. २०२४ साली वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. रात्रीची दारे सुटण्याचा मार्ग मला यात दिसतो. ग्रामपंचायतीकडे उपकेंद्रालगत गायरान असेल तर सरपंचांनी शाखेत जाऊन चौकशी करावी. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांसाठी २०२४ साली मोफत वीज योजना जाहीर झाली, त्याने वसुलीची कटकट कमी झाली. पण वीज मोफत झाली म्हणून डीपीची ताकद वाढत नाही, १३३ चे १३३ च राहतात.

तक्रार करायची तर १९१२ या क्रमांकावर करा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. सांगताना "आमच्याकडे लाईट नाही" एवढेच सांगू नका. ग्राहक क्रमांक, फीडरचे नाव, डीपीचे नाव, लाईट किती वाजता गेली, तीनही फेज गेले की एकच, आवाज किंवा धूर झाला का, हे सांगा. घरातले बल्ब एका बाजूला भगभगीत आणि दुसऱ्या बाजूला मिणमिणते झाले असतील तर डीपीचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. टीव्ही-फ्रीज आधी बंद करा आणि मग फोन करा. फेब्रुवारी लागला की वायरमनला गाठून डीपीचे तेल आणि आर्थिंगचा खड्डा पाहून घ्यायला सांगा. खड्डा कोरडा ठणठणीत असेल तर त्याच्या देखत दोन घागरी पाणी ओता. ब्रीदरमधले दाणे निळे आहेत की गुलाबी झाले हेही त्याला विचारा. गुलाबी असतील तर तेलात ओल जाते आहे, ते दाणे बदलून घ्या.